चौकटीवरची खाच

गेल्या महिन्यात एका रंगाऱ्याने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याला एका शब्दात उत्तर दिले. अलिबागच्या इस्रायल आळीतले, आमच्या घराला लागून असलेले जुने कौलारू घर पुण्याच्या एका कुटुंबाने विकत घेतले आहे. त्यांना तिथे सुट्टीत येऊन राहायचे आहे. तोवर किल्ली माझ्याकडे असावी आणि रंगकाम चालू असताना मी दिवसातून एकदा डोकावून यावे, एवढीच त्यांची विनंती होती. मी गेले तेव्हा सागवानी चौकटीचा जुना रंग खरवडून झाला होता, ओटीवर निळ्या-हिरव्या ऑइलपेंटच्या सालपटांचा खच पडला होता आणि टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. रंगारी शिडीवरून न उतरताच म्हणाला, “ताई, उजव्या अंगाला ही तिरकी खाच आहे बघा. कुणी मुद्दाम कोरल्यासारखी दिसते. लांबी भरू का?” मी म्हटले, “भर.” त्याने पत्र्याच्या पट्टीवर पांढरी लांबी घेतली, खाचेत दाबली, वरून दोनदा पट्टी फिरवली आणि तो चौकटीच्या वरच्या कडेकडे वळला. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल.

मी घरी येऊन चहाचे आधण ठेवले, आणि ते आटून जाईपर्यंत गॅससमोर नुसती उभी राहिले.

त्या खाचेत, त्या घरात राहणाऱ्या मावशींचा मझूझा होता. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या, आणि मझूझा यहुदी घरांच्या चौकटीला लावतात. बोटाएवढ्या लांबीची, जुनी झाल्याने काळवंडलेली एक पितळी नळी, आत हाताने लिहिलेल्या हिब्रू अक्षरांची गुंडाळी. घरात शिरताना आणि बाहेर पडताना मावशी उजव्या हाताची बोटे तिला लावत आणि मग ती बोटे ओठांशी नेत. बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या असल्या तर त्या आधी ओटीवर पिशव्या टेकत, हात मोकळा करत, आणि मगच उंबरा ओलांडत. सतत हात लागून नळीच्या आजूबाजूचा रंग इतका झिजला होता की खालचे लाकूड गुळगुळीत आणि तेलकट झाले होते. माझी उंची तिथवर पोहोचत नव्हती तेव्हा मी उडी मारून तिला हात लावत असे, आणि मावशींनी मला त्यासाठी कधी रागावल्याचे आठवत नाही. एकदा मी विचारले की ही वाकडी का बसवली. त्या म्हणाल्या, “अगो, माझ्या माहेरी रेवदंड्याला उभी होती. लग्न होऊन इथे आले तर सासरी तिरकी. मी पण सासऱ्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, फार पूर्वी एका मोठ्या गुरूंनी सांगितलं की ही उभी बसवावी. त्यांचाच नातू म्हणाला, नाही, आडवी. मग लोकांनी आजोबाचंही ऐकलं आणि नातवाचंही.” आजोबा आणि नातू दोघांचाही मान राहावा म्हणून वाकलेली ती नळी मला तेव्हापासून फार आवडू लागली. आणि एवढे सगळे ठाऊक असलेल्या मी त्या खाचेला “भर” म्हटले.

मावशी मला दुसरीला शिकवायला होत्या. शाळेत त्या बाई आणि घरी मावशी, हे दोन संबोधनांचे कप्पे मी फार काटेकोरपणे पाळत असे. आठवड्यातले पाच दिवस त्यांचा फळा भरगच्च असे. त्यांचे अक्षर मोठे, गोल, प्रत्येक शब्दावरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. शनिवारी मात्र फळा कोरा राही. शनिवारची सकाळची शाळा म्हणजे पाढे, कविता आणि गोष्ट, हे आम्हां मुलांच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यामागे काही कारण असेल अशी शंकासुद्धा कधी आली नाही. एकोणतीसपर्यंतचे पाढे मला अजून पाठ आहेत ते त्या शनिवारांमुळे. बारावीत असताना कधीतरी माझ्या लक्षात आले की शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणे त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते, शनिवारची सुट्टी मागणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्यांनी आपल्यापुरता हा मार्ग काढला होता: शाळेत जायचे, शिकवायचे, पण खडू हातात घ्यायचा नाही. हजेरीसुद्धा त्या शनिवारी तोंडाने घेत आणि रविवारी रात्री घरी बसून पटावर भरत. सदतीस वर्षांच्या नोकरीत हे कुणाच्या ध्यानात आले असेल असे मला वाटत नाही. आपण नेमके काय पाळतो आहोत हे दुसऱ्याला कळलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह कधी नव्हता.

असाच दुसरा एक उलगडा मला फार उशिरा झाला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मावशी काचेच्या पेल्यात पाणी घेत, त्यावर खोबरेल ओतत आणि वात तरंगती ठेवत. पेल्यातल्या पाण्यातून येणारा उजेड भिंतीवर हलत राही. भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून केलेले सरबत एका चांदीच्या फुलपात्रात असे. द्राक्षाच्या वारुणीऐवजी त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलेले. दिवा लावून झाला की त्या माझे दोन्ही हात आपल्या बोटांनी हलकेच स्पर्शून ती बोटे आपल्या ओठांना लावत. याला हातबोशी म्हणतात. खरे तर ही मशिदीत एकमेकांना करायची गोष्ट. आळीतले लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. पण मी समोर असे, म्हणून मलाही ती मिळे. आणि मग शनिवारी संध्याकाळी, तिन्हीसांजा दाटून आल्या की मावशी ओटीवर येऊन सहज म्हणाव्या तशा म्हणत, “काळोख झाला गो.” मी किंवा माझा भाऊ धावत जाऊन त्यांच्या माजघरातला दिव्याचा खटका दाबून येत असू. त्यांनी “दिवा लाव” असे कधीही म्हटले नाही. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, दुसऱ्याला पेटव असे सांगायचेही नाही. काळोख झाला आहे, एवढे मात्र कुणीही म्हणू शकते. हे कळले तेव्हा मला आधी गंमत वाटली आणि मग थोडे वाईट वाटले. कितीतरी शनिवारी खेळाच्या नादात मी ते वाक्य कानांआड केले असणार, आणि त्या शब्बाथ सरेपर्यंत आत अंधारात बसून राहिल्या असणार.

त्यांच्या परसात, फणसाखाली, एका घाण्याची दगडी कुंडी पडून होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचे आणि त्यात बेडकांची पिले होत. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपर्यंत तो घाणा फिरत होता. या किनाऱ्यावरच्या गावागावांत तेल गाळणारी ही माणसे शनिवारी बैल जुंपत नसत, म्हणून भोवतालच्या लोकांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले. गावांवरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, झिराडकर, अष्टमकर. कोकणचा नकाशा पुसला गेला तर त्यांच्या आडनावांवरून तो पुन्हा काढता येईल. मावशी मला एकदा नवगावला घेऊन गेल्या होत्या. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, आणि जे वाहून आले त्यांना इथेच मूठमाती दिली, ही कथा त्यांनी मला त्या ढिगाऱ्यांपाशी उभे राहून सांगितली. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, उरली ती ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थनेची एकच ओळ, मासे निवडायची रीत आणि शनिवार. सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. आपल्या चुलत घराण्यातली हकिकत सांगावी तशी त्यांनी ती सांगितली. परतताना बंदरावर थांबून बांगडे घेतले. कोळीण त्यांना ओळखत होती. कोळंबीची पाटी तिने आपणहून मागे सरकवली. खवले आणि पर असलेलीच मासळी या बाईला चालते, हे त्या कोळणीला तिच्या सासूने सांगितले होते.

त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकली की मला अजूनही स्वयंपाकघरांचे वास येतात. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दिवशीचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. नव्या वर्षी गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून तासन्तास घोटलेला हलवा. मांसाच्या जेवणानंतर गाईचे दूध चालत नाही, म्हणून नारळाचे. काही नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने मलिदा: भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी आणि गुलाबाच्या पाकळ्या. माझ्या भावाचा टायफॉइड उतरला तेव्हा मावशींनी आम्हांला न सांगता नवस बोलला होता. सागाव-खंडाळ्याच्या खडकावर, जिथे एलियाहूच्या रथाच्या घोड्यांची पावले उमटली आहेत असे त्यांचे लोक मानतात, तिथे जाऊन त्यांनी तो फेडला आणि आम्हांला पाठवलेल्या ताटावरून ते कळले. आमच्या आजीने त्याच दिवशी गणपतीला एकवीस मोदकांचा नवस फेडला होता. दोन्ही ताटे आमच्या ओटीवर शेजारी शेजारी होती आणि भावाने दोन्हींवर सारखाच ताव मारला.

वर्षातून एक दिवस मात्र ते दार बंद असे. दारफाळणीचा सण, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. मावशी पांढरी साडी नेसत, आदल्या दिवशी मावळतीच्या आत जेवून घेत, आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा वेळ उपासात आणि मशिदीत जाई. आळीतली ती मशीद १८४८ची. आमची आजी आम्हांला बजावून ठेवी की आज तिकडे हाक मारायची नाही, चेंडू गेला तरी आणायचा नाही. एरवी दिवसभर सताड उघडे असणारे दार बंद पाहून मला लहानपणी भीती वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडे, मावशी थकलेल्या पण हसऱ्या, आणि घरोघरी द्यायला करंज्या तळत असलेल्या. दुसऱ्याच्या घरातले काही दिवस आपले नसतात, हे मी त्या दारापाशी शिकले.

त्यांचा भाऊ १९५०च्या दशकात इस्रायलला गेला. तेव्हा देशात त्यांच्या समाजाची वीस हजारांच्या आसपास माणसे होती. आज ती पाच हजारांच्या आत आली आहेत. भावाची पत्रे निळ्या आंतरदेशीयासारख्या पातळ कागदावर येत, कडेकडेने, समासातसुद्धा लिहिलेली, आणि अस्सल रेवदंड्याच्या मराठीत. त्यांतल्या एका पत्राने मावशींना बरेच दिवस झोप लागली नव्हती, असे त्या सांगत. तिथल्या धर्मपीठाने या समाजाच्या मुलामुलींची लग्ने लावण्यापूर्वी आईच्या आईची आणि तिच्याही मागची चौकशी मागायला सुरुवात केली होती. १९६४ साली लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले, आणि त्याच वर्षी ही माणसे सर्वार्थाने यहुदी आहेत असे तिथल्या संसदेला म्हणावे लागले. “आम्ही कोण, हे आम्हांला दुसऱ्याने सांगायचं!” पन्नास वर्षांनंतरही हे वाक्य उच्चारताना मावशींच्या हातातली विणकामाची सुई थांबत असे. मी त्यांना संतापलेले पाहिले ते एवढ्या एकाच विषयावर.

तरीही त्यांची दोन्ही मुले गेली. मुलगा अश्दोदला, मुलगी लोदला. भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२च्या जानेवारीत जुळले, त्याच वर्षी मावशी निवृत्त झाल्या, आणि दोन वर्षांनी त्या मुलाकडे गेल्या. आळीने धरून चालले होते की आता त्या परतत नाहीत. आमच्या आईने निरोपाला त्यांची खणानारळाने ओटी भरली, आणि त्यांनी मागच्या दाराची किल्ली तिच्या हातात ठेवली. सात महिन्यांनी, ऐन गौरी-गणपतीत, त्या रिक्षातून उतरल्या, मझूझाला बोटे लावली आणि मागचे दार उघडून ओटा धुवायला घेतला. का परत आलात, असे ज्याने विचारले त्याला त्यांनी निरनिराळे उत्तर दिले. एकीला म्हणाल्या, तिथे ओला नारळ बरा मिळत नाही. दुसरीला म्हणाल्या, गुडघे धरले. मला म्हणाल्या, “तिथेही सूर्य समुद्रातच बुडतो गो. मी रोज जाऊन बघत असे. बुडताना तो अगदी आपल्याकडच्यासारखाच दिसे, आणि मला घराची फारच आठवण येई.” मला हे उत्तर मिळाले म्हणून तेच खरे असेल, असे मी म्हणणार नाही.

वल्हांडणाच्या रात्री त्या मराठी भाषांतर असलेल्या हगादामधून मिसर देशातून सुटकेची गोष्ट वाचत. अशी हगादा पुण्यात १८७४ सालीच छापली गेली होती. मावशींची प्रत त्यानंतरची, पण तिचीही पाने पिवळी आणि कोपरे मोडलेले. बिनखमिराच्या भाकरीचा तुकडा मलाही मिळे. शेवटी म्हणायचे असते, “पुढल्या वर्षी यरुशलेमात.” लहानपणी हे वाक्य ऐकून मला दर वर्षी धास्ती वाटे की मावशी खरोखरच जाणार. त्या जाऊन परत आल्या, त्याच्या पुढच्या वल्हांडणाला मी मुद्दाम कान देऊन बसले होते. त्यांनी ते वाक्य नेहमीच्याच आवाजात, डोळे मिटून म्हटले, पुस्तक मिटले, आणि मला विचारले, “उद्या नगरपालिकेचं पाणी कधी येणार आहे?” या दोन वाक्यांत त्यांना काही विसंगती वाटत नव्हती. मला ती वाटत राहिली, आणि विचारण्याचे धैर्य मला शेवटपर्यंत झाले नाही.

अखेरच्या दहा-बारा वर्षांत त्यांच्याकडे कॅमेरे घेऊन माणसे येऊ लागली. आळीत अजून त्यांच्या समाजाची मोजकी घरे आहेत, तरी प्रत्येकाला त्या शेवटच्या असाव्यात असे वाटे. त्या कुणाला परत पाठवत नसत, चहा देत, विचारलेले सांगत. २०१६ साली राज्य सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ती बातमी त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “बरं झालं. शाळेत जाणाऱ्या पोरांना उपयोग होईल.” आमच्या आळीतल्या त्यांच्या समाजाच्या घरांमध्ये तेव्हा शाळेत जाणारे एकही मूल नव्हते.

मावशी गेल्या त्या २०२३च्या पावसाळ्यात, ८९व्या वर्षी, पहाटे. सकाळी आठपर्यंत अंगणात पन्नासेक माणसे जमली होती. त्यांचे साठी उलटलेले विद्यार्थी होते, कोळीवाड्यातल्या बायका होत्या, शेजारच्या मोहल्ल्यातले दोन म्हातारे छत्री मिटवून भिजत उभे होते. आणि त्या पन्नासांत कद्दीशसाठी, म्हणजे मृतामागे म्हणायच्या प्रार्थनेसाठी, लागणारे दहा यहुदी पुरुष मोजायला घेतले तेव्हा ते सहा भरले. मुंबईला, ठाण्याला, पनवेलला फोन गेले. लाँच बंद होत्या. गाड्या वडखळमार्गे यायच्या, आणि रस्त्यावर खड्डे होते. आम्ही थांबलो. माझा भाऊ, ज्याच्यासाठी त्यांनी नवस केला होता, तो पायरीवर बसून होता आणि मोजणीत धरला जाणार नव्हता. मला त्या वेळी मनातून दुखावल्यासारखे झाले, हे मी लपवणार नाही. त्या दुखावण्याचा मला कुणावर रागही धरता येत नव्हता, कारण हा नियम पाळूनच तर त्या मावशी झाल्या होत्या. अडीच वाजता पनवेलची गाडी आली, चार माणसे उतरली, आणि चिखलाने भरलेल्या त्यांच्या बुटांकडे पाहून मला रडू फुटले. जनाजा उचलला तेव्हा मात्र खांदा देणाऱ्यांची मोजणी कुणी केली नाही.

मुलगा पाच दिवसांनी पोहोचला. घर विकायचे ठरले तेव्हा जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने स्टूल मागितले, स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि नळी काढून रुमालात गुंडाळली. दुसऱ्या धर्माच्या घरात ती ठेवून जायची नसते. जुन्या रंगाच्या सात-आठ थरांखालून ती निघताना करकर आवाज झाला. तो स्टुलावरून उतरला, रिकाम्या खाचेला त्याने सवयीने बोटे लावली, आणि मग कुठे न्यावी हे न कळल्यासारखी ती तशीच हवेत राहिली. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “ताई, आता हे नुसतं लाकूड.” गेल्या महिन्यात “भर” म्हणताना कदाचित त्याचे हेच वाक्य माझ्या डोक्यात असेल. मी तशी समजूत घालून पाहिली, आणि ती टिकली नाही. त्याचे ते लाकूड होते. माझे काय होते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

परवा शुक्रवारी रंगकाम संपले म्हणून मी हिशेब करायला गेले. पाच वाजून गेले होते, ऊन तिरपे होऊन ओटीवर आले होते. चौकट आता बदामी रंगाची आहे, गुळगुळीत, चकचकीत. मी आत पाऊल टाकणार तोच उजव्या बाजूला, डोळ्यांच्या जरा वर, एक पुसट रेघ दिसली. लांबी वाळून आत बसली होती आणि त्या तिरप्या उन्हात बोटभर लांबीची, तिरकी, उथळ सावली चौकटीवर पडली होती. रंगाऱ्याने माझी नजर पाहिली आणि तो ओशाळला. “खाच खोल होती ताई, एका हातात बसली नाही. पॉलिशपेपर मारून अजून एक हात देतो, दिसणारसुद्धा नाही,” तो म्हणाला आणि डब्याचे झाकण उचकटू लागला.

मी म्हटले, “राहू दे.”

त्याने झाकण पुन्हा ठोकून बसवले आणि शिडी उचलून अंगणात नेली.